काजव्याचा दिवा आणि उलटा वॉल

मंजुश्री हसली की समोरच्याला वाटावं, तिसरी घंटा झाली, आता पडदा वर जाणार. पण लातूरच्या प्रयोगशाळेत तिचा पडदा उन्हाळ्यापासून अडकून बसला होता.

अर्धापूरच्या किशनरावांची ही लेक. केळीच्या बागेत वाढलेली, आणि लोणच्याच्या बरणीत काजवे कोंडल्याबद्दल आईच्या हातचा मार खाल्लेली. आता पीएच.डी. करत होती, तीही मेंदूवर. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते झेलायला पेशीच्या अंगावर ग्राही नावाची प्रथिनं बसलेली असतात. गंमत अशी, की ग्राही घडवणारं जनुक यकृतातही असतं, कातडीतही असतं. पण तिथं ते मुकं. नाटकाची संहिता सगळ्यांच्याच हातात असते, पण कुणी कधी प्रवेश करायचा, हे विंगेतला माणूस ठरवतो ना? तसा जनुकाच्या अगदी आधी डीएनएचा एक तुकडा असतो. त्याचं नाव प्रमोटर. जनुकानं कुठं बोलायचं, कधी बोलायचं, आवाज किती चढवायचा, सगळा त्याचा हुकूम.

मंजुश्रीनं हा तुकडा कापून घेतला आणि काजव्याला उजेड देणाऱ्या जनुकाच्या आधी जोडला. हे जोडकाम तिनं बशीत वाढवलेल्या मेंदूच्या आणि यकृताच्या पेशींत सोडलं. तुकड्यानं हुकूम दिला, तर पेशी उजळणार. हुकमात जितका जोर, तितका उजेड.

पेशी काळ्या ठिक्कर.

"तुझा तुकडा मुकाच आहे बघ," तिचे मार्गदर्शक राजशेखर सर म्हणाले. "पावसाळा संपेपर्यंत उजेड पडला नाही, तर विषय बदलायचा."

विषय बदलायचा म्हणजे काजवे सोडायचे. बरणीतले सोडताना रडली होती, तशीच रडत तिनं घरची एसटी पकडली.

घरी वेगळाच खेळ रंगला होता. किशनरावांनी विहिरीवरच्या पाइपला नवा वॉल बसवला होता. पाणी पुढं सोडणारा, मागं फिरू न देणारा. मोटार गुरगुरत होती आणि ठिबकच्या नळीला थेंब नव्हता.

"दुकानदारानं फसिवलं मला!" किशनराव गरजले.

"त्याला कशाला बोलताव? मोटारच म्हातारी झाली, तुमच्यावानी," मंजुश्रीच्या आईनं, तुळजाबाईंनी टोला हाणला.

मंजुश्री वाकली. वॉलवर हळदीकुंकवाचा जाड थर. "आई, हे काय?"

"नवी वस्तू हाय. पूजा न करता बसवावी का?"

तिनं ओढणीच्या टोकानं थर पुसला. खालून बाण निघाला. त्याचं तोंड विहिरीकडं.

"बाबा, उलटा बसवलाय! एवढा ठळक बाण असतो. दिशा न बघता कुणी जोडतं का? वॉल कितीही चांगला असला तरी..."

आणि ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं माय? इंचू चावला का?" तुळजाबाई घाबरल्या.

तिचा तुकडाही तसाच होता. दोन्ही बाजूंनी बसणारा. जोडून झाल्यावर तो सुलटा बसला की उलटा, हे तपासायचं असतं. पण तुकडा चिकटला याच आनंदात तिनं साऱ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले, आणि तपासणी पेढ्यांखाली झाकून गेली.

"बाबा, मीबी उलटाच बसवला असंल."

किशनरावांना आनंदाचं भरतं आलं. "लई शहाणी! दिशा न बघता कुणी जोडतं का?"

लातूरला परतून तिनं तपासलं. तुकडा खरंच उलटा. नव्यानं जोडला, दिशा बघितली, पुन्हा बघितली. मग पेशी उजेड मोजणाऱ्या मशीनमध्ये ठेवल्या आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मेंदूच्या पेशींसमोर भलामोठा आकडा होता. यकृताच्या पेशी जवळजवळ अंधारातच. मुका म्हटलेला तुकडा आपला रंगमंच बरोबर ओळखत होता. सरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. "विषय राहू दे," म्हणाले.

तिनं घरी फोन लावला. "बाबा, उजेड पडला!"

"पेपर वाचता येतोय का त्यात?"

"डोळ्यांना दिसत नाही हो. मशीनलाच कळतो."

"दिसत न्हाई असा उजेड!" किशनरावांनी फोन बायकोकडं दिला. "घे, तुझी लेक काय बोलून राहिली बघ."

तुळजाबाईंनी एकच विचारलं, "पेढे वाटलेस का?"

"न्हाई आई. आधी दिशा बघितली."

"मग आता वाट की! सरांना दोन जास्त दे. लई कडू बोललाय तो माणूस."