खांबांचे पाय

तलावाकाठच्या जंगलात पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचं ठरलं आणि आराखड्याचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. पहिलंच मोठं काम! वादळात पडलेल्या झाडांचंच लाकूड वापरायचं, उभं झाड एकही तोडायचं नाही. खांब थेट मातीतून उगवल्यासारखे दिसावेत, ही तिची लाडकी कल्पना.

सुतारकाकांनी नकाशा पाहिला. "बाई, खांबाखाली दगड द्या, वीतभर उंच. मातीत गाडलं की ओल चढते."

"काका, दगड दिसला की सगळी मजा गेली. तेल पाजू ना लाकडाला."

काकांनी पुन्हा सांगून पाहिलं. "नकाशा मी काढलाय की तुम्ही?" ती फणकारली. मग त्यांनी खांबांसाठी खड्डे खणायला घेतले.

केंद्राचं खूप कौतुक झालं, फोटो छापून आले. चौथ्या वर्षी व्हरांड्याचा एक कोपरा खचला. खांब बुडाशी कुजले होते. केंद्राच्या समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी तिला विचारलं, "सुतारानं कच्चं लाकूड घातलं म्हणायचं का?"

काका दाराशीच उभे होते. ती उगाच कागद चाळत राहिली आणि पुटपुटली, "असेल."

काका वळून निघून गेले.

त्यानंतर कुणी केंद्राचं नाव काढलं, की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. महिनाभरानं धीर करून ती काकांच्या घरी गेली. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. "बाबांना आता कुणी काम सांगत नाही. शाळेचे बाकसुद्धा दुसऱ्याकडे गेले," ती तोंडावरच म्हणाली. हिला मान वर करवेना.

काका मागे रंधा मारत होते.

"काका, चूक माझी होती. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ते मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." रंधा थांबला नाही.

पुढच्या बैठकीत तिनं उभं राहून सगळं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. "आणि आम्ही त्या माणसाला नाही नाही ते बोललो!" दुरुस्तीचं काम काकांना मिळालं, शाळेनंही त्यांना परत बोलावलं. तलावापलीकडच्या नव्या इमारतीच्या आराखड्याचं काम मात्र तिच्या हातून गेलं.

काकांनी खांब खालून कापून दगडांवर बसवले. ती रोज जाऊन मापाची फीत धरायची. "धरा", "सोडा", "जरा डावीकडे", काका एवढंच बोलायचे. पूर्वी तिची येता-जाता थट्टा करणारा माणूस! आता ते हसत नव्हते, आणि हसा म्हणायला तिला तोंड नव्हतं.