लाल तुऱ्याचा प्रश्न

दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मॅडम फ्लोरना स्वतःचं जेवण गोड लागत नसे. कुणाची मुलगी कुणाच्या मोटरसायकलवर बसली, कुणाच्या नवऱ्याने जहाजावरून बरेच दिवस फोन केला नाही, पाद्रीबाबा हल्ली आंब्याला हात का लावत नाहीत, सगळं त्यांना ठाऊक. फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरच्या त्या गावात लोक त्यांना तोंडावर भोचक म्हणत आणि त्या ते खुशाल ऐकून घेत. शाळेचं वाचनालय त्यांनी मागून घेतलं ते याच स्वभावापायी. पुस्तक वाचणं म्हणजे परक्याच्या घरात डोकावणं, तेही कुणी हटकत नाही आणि वर पगार मिळतो, असं त्या सांगत.

अडचण एवढीच की त्यांच्याबरोबर डोकावायला कुणी येत नव्हतं. मधल्या सुट्टीत पोरं फाटकाजवळ तळलेली केळी खात फोनभोवती घोळका करून बसायची. दोघातिघांत एक फोन, कधी मावशीचा, कधी मोठ्या भावाचा, पण फेसबुकवर सगळेच. मॅडम फ्लोरनी ठरवलं, पोरं वाचनालयात येत नाहीत ना, मग वाचनालयच फोनमध्ये नेऊ. त्यांनी वाचनालयाचं फेसबुक पान उघडलं आणि हौसेने कामाला लागल्या. लेसचं धुतलेलं कापड अंथरायचं, त्यावर पुस्तक, शेजारी बोगनवेलीची डहाळी, हंगाम असेल तर आंब्याची फोड. वर एकच ओळ, ‘हे बघा, काय आलंय.’ फोटो खरोखर देखणे निघायचे. नॉर्वेच्या जहाजावर असलेला त्यांचा नवरा समुद्रातून फोटोखाली लाल बदाम पाठवायचा, दुबईतली बहीण पाठवायची, शाळेतल्या बायका पाठवायच्या. शाळेतलं एकही पोर मात्र फिरकत नव्हतं.

अपवाद एकच. ‘लाल तुरा’ नावाचं एक खातं होतं, त्यावर झुंजीच्या कोंबड्याचा फोटो. ते प्रत्येक फोटोखाली न चुकता विचारायचं, ‘मॅडम, काय आहे?’ पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावर ढळढळीत दिसत असताना हा प्रश्न. पहिल्यांदा मॅडमनी उत्तर दिलं, ‘बघ ना नीट.’ पुढच्या फोटोखाली पुन्हा तेच, ‘मॅडम, काय आहे?’ शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या की कुणीतरी टवाळ आहे, काढून टाका त्याला. मॅडम फ्लोरचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक सर रोमुलोंनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या बँडचे ढोल व्हरांड्यात पडून पावसाने फुगले होते आणि गावची जत्रा तोंडावर आली होती. ढोलांना कोरडी खोली हवी, आणि शाळेत रिकामी म्हणावी अशी खोली वाचनालयाचीच. जत्रेआधी पुस्तकं खोक्यांत भरून ठेवा, तुम्हाला सातवीचं गणित देतो, असं त्यांनी जवळजवळ दिलगिरीच्या सुरात सांगितलं. खोक्यांत गेलेली पुस्तकं पुन्हा बाहेर येत नाहीत, वाळवी तेवढी येते, हे मॅडमना माहीत होतं. त्या घरी आल्या आणि भाताचं भांडं पुढ्यात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. त्यांना रडू येत होतं. आपण बोलावतो आणि कुणालाच यावंसं वाटत नाही, हे गणितापेक्षा जास्त लागलं होतं.

पण स्वभाव तो स्वभाव. रडता रडता त्यांनी फोन उघडला आणि लाल तुऱ्याचा कोंबडा मोठा करून बघितला. कोण आहे हा मेला? कोंबड्याच्या मागे भिंत होती, हिरवट निळी. असला रंग बेटावर दोनच ठिकाणी होता. एक चॅपेलला, आणि दुसरा चॅपेल रंगवून उरलेला डबा ज्याला मिळाला त्या नोंग बादोंगच्या, म्हणजे कोंबडे झुंजवणाऱ्या बादोंगदादाच्या, घराला. मॅडमनी डोळे पुसले. बादोंगची भाची मेलिन आठवीत होती, मागच्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या बादोंगच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि रीतीप्रमाणे बाहेरूनच हाक दिली. बादोंग कोंबड्याला मालिश करत होता. बाई घरी आल्या म्हणजे पोरीने काहीतरी दिवे लावले, हे त्याने धरूनच टाकलं. त्याने कोंबडा टोपलीखाली झाकला, कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड सरबताची बाटली मागवली आणि काही विचारायच्या आत माफी मागायला सुरुवात केली. पोरीला आई परदेशात, बाप नाही, मी कोंबड्यांत, लक्ष कोण देणार, जे काही केलं असेल ते पोटात घाला.

“नोंग, तिने काही केलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, लाल तुरा कोण?”

बादोंगने कोंबड्याकडे बोट दाखवलं. मेलिन दारामागून पुढे आली. फोन मामाचा, खातं मामाचं, प्रश्न तिचा, असं तिने खाली मान घालून कबूल केलं.

“मग इंदाय, पोरी, दर वेळी काय आहे, काय आहे, हे काय चालवलंयस? माझी थट्टा करतेस?”

“नाही मॅडम. मला खरंच दिसत नाही.”

तिने फोन पुढे केला. त्यात बॅलन्स नव्हता. बॅलन्स नसला तरी फेसबुक फुकटात उघडतं, पण नुसती अक्षरं येतात, फोटो येत नाही. मॅडमची ओळ होती, ‘हे बघा, काय आलंय’, आणि तिच्याखाली एक राखाडी चौकोन. मेलिनने बोटाने पान वर सरकवलं. पुन्हा ‘हे बघा’, पुन्हा राखाडी चौकोन. लेस नाही, बोगनवेल नाही, आंबा नाही.

“सगळ्यांचं असंच दिसतं?”

“आमच्या वर्गात सगळ्यांचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.”

मॅडम फ्लोरना कानापर्यंत लाज वाटली. त्यांच्या घरी नवऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून इंटरनेट घेतलं होतं, ते चोवीस तास चालू. गावात कुणाच्या चुलीवर काय आहे हे सांगणाऱ्या बाईला गावाच्या फोनात काय दिसतं ते ठाऊक नव्हतं. सरबताची बाटली तशीच हातात घेऊन त्या उठल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी फोटो काढला नाही. कपाटातून एक जुनी गोष्ट काढली, दीपगृहाच्या राखणदाराची, आणि पहिलं पान अक्षर अक्षर टाइप केलं. राखणदार सकाळी उठतो तर जिन्यावर ओली पावलं, कुणाची तरी, अनवाणी, वर गेलेली. खाली आलेली पावलं नाहीत. तो कंदील घेऊन पहिल्या पायरीवर पाय ठेवतो. इथे मॅडम थांबल्या आणि खाली लिहिलं, ‘पुढचं वाचनालयात.’

पोरांनी मॅडमना शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. असं कुणी थांबतं का, म्हणाली. कुणी भूत म्हणालं, कुणी राखणदाराची पळून गेलेली बायको म्हणालं, कुणाचं म्हणणं मासाच असणार, आणि माशाला पाय कुठून यावर वेगळंच भांडण जुंपलं. सकाळी मेलिन कुलूप उघडायच्या आधीच दारात उभी होती. पुस्तक तिला मिळालं. बाकीच्यांना तोवर दुसरं काहीतरी न्यावं लागलं, आणि त्या दुसऱ्याचंही पहिलं पान मॅडमनी संध्याकाळी टाइप केलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सर रोमुलो बँडच्या पोरांना घेऊन आले, ढोल आत ठेवायला. पोरांनी ढोल व्हरांड्यात टेकवले आणि आत शिरून दीपगृहाचं पुस्तक परत आलं का म्हणून टेबलाभोवती गर्दी केली. सर दारातच अडकले. आत आधीच इतकी पोरं जमिनीवर बसलेली की ढोल सोडा, सरांना पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्यात मागून नोंग बादोंग आला, एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या हातात पुस्तक. तरुणपणी शाळा सोडली तेव्हापासून त्याने या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. पुस्तक मेलिनकडून त्याने काढून घेतलं होतं आणि संपेपर्यंत दिलंच नव्हतं, म्हणून उशीर झाला, असं त्याने शरमून सांगितलं.

सर रोमुलोंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “नोंग, वर कोण होतं?”

“सर, रांगेत या,” बादोंग म्हणाला.

पोरं हसली. सरही हसले, मग व्हरांड्यातल्या ढोलांकडे वळले. त्यांनी ते आपल्या ऑफिसात न्यायला सांगितले आणि गणिताचा विषय पुन्हा काढला नाही. जाता जाता मॅडमना हळूच म्हणाले की माझं नाव रांगेत घालून ठेवा.

जत्रेच्या गडबडीतही मॅडम फ्लोरनी रात्रीच्या जेवणाआधी नवं पान टाइप करून टाकलं आणि फोन हातात धरून बसल्या. खाली नेहमीचा कोंबडा उमटला.

‘मॅडम,’ लाल तुऱ्याने लिहिलं होतं, ‘दिसलं.’