आईनं सांगितलेली नोकरी

डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, चटणी कांडताना मिरचीच्या तिखट वासाचा खाट नाकात गेला, की आमच्या गावच्या मंगळवार पेठेतली ती सकाळ आठवते. वर्षभर एकटीनं देश हिंडून मी आदल्याच दिवशी घरी आले होते. अनोळखी गावात उतरून मुक्कामाची सोय बघायला शिकले होते, आणि हे कधी एकदा कुणाला सांगते असं झालं होतं. आईबरोबर डंकावर गेले, तर तिथं शेजारच्या काकू भेटल्या. "काय गं, पुण्यातली नोकरी सुटली व्हय तुझी?" तोवर मी पुण्यात नोकरी केलीच नव्हती; मी आईकडं बघितलं. ती मान खाली घालून डब्यात चटणी दाबत म्हणाली, "न्हाय वो, रजा काढून आलीय." रोज फोनवर "आज कुठल्या गावात हायस?" विचारणारी हीच आई! आता मी खरंच पुण्यात नोकरी करते, तर डंकावर तीच सगळ्यांना ऐकवते, "एकटी देश फिरलीय की माझी पोरगी!" मी ठसक्याचं निमित्त करून बाहेर येते.