पेरिखानची निवडणूक

आमच्या नॅशव्हिलमध्ये नवरोज, म्हणजे आम्हा कुर्दांचं नवं वर्ष, दोनदा यायचं. एका शनिवारी पिवळ्यांचं, पुढच्या शनिवारी हिरव्यांचं. इराकमधल्या आमच्या मुलखातल्या दोन पक्षांचे पिवळे नि हिरवे झेंडे आम्ही इथवर घेऊन आलो होतो. सीरियाकडचे कुर्द तर तिसरीकडेच शेकोटी पेटवायचे.

पेरिखान तिकडच्या झाखो गावची, घराणं पिवळं. तिची आणि तिच्या नवऱ्याची, तहसीनची, इथे बेकरी आहे. पूर्वी तिकडे पिवळे नि हिरवे एकमेकांवर बंदुका घेऊन उठले तेव्हा तिचा धाकटा भाऊ हिरव्यांच्या गोळीनं गेला. म्हणून हिरव्यांच्या लग्नाला तिच्या भट्टीतली रोटी कधी गेली नाही.

सीरियातल्या आमच्या गावांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा आम्ही पिवळे खासदाराच्या कचेरीत गेलो. बघतो तर हिरवे आधीच बाकावर बसलेले, पलीकडे सीरियावाले. मागणी तिघांची एकच होती: तिथल्या लोकांना आपला कारभार आपल्या मतानं चालवू द्या. कचेरीतल्या मुलीनं विचारलं, “तुमच्या वतीनं बोलणार कोण?” कोणी उठेना. सीरियाची एक म्हातारी, जिचं घर त्याच आठवड्यात पडलं होतं, ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

परतताना गाडी मी चालवत होते.  बेकरीशी उतरताना पेरिखान म्हणाली, “आपली एकच समिती हवी. कुणी नेमलेली नको, निवडून दिलेली. बाया धरून प्रत्येकाला एक मत.”

तहसीननं दारातच ऐकलं. “आणि उभी तू राहणार? मग मला मत जरा विचार करूनच द्यावं लागेल.”

ती हटली नाही. भट्टी विझली की घरोघर हिंडायची. पिवळ्यांनी तिला फितूर म्हटलं, हिरव्यांनी दारातूनच परत पाठवलं. काही जण म्हणाले, चार देशांत वाटले गेलेले आपण, एका हॉलमध्ये मावणार कसे? ती म्हणायची, इथे मावलो नाही तर तिकडे एकजूट करा म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं?

हिरव्यांचा शब्द शमाल मास्तरांच्या हातात होता. तिकडे सुलेमानिया शहरातल्या शाळेत शिकवलेले, त्या लढाईत स्वतः बंदूक धरलेले. पेरिखान मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेली. मास्तरांनी चहा दिला आणि स्वतःच्या पेल्यात साखर ढवळली.

“तुझा भाऊ आमच्या माणसांनी मारला,” ते म्हणाले. “ते मनात ठेवून माझ्या शेजारी बसशील?”

“ठेवूनच बसेन, मास्तर. आधी विसरा म्हटलं तर कोणीच यायचं नाही. तुमच्याही घरचं माणूस गेलंच असेल.”

त्यांचा पुतण्या गेला होता. ते त्यांनी तेव्हा सांगितलं. उठताना म्हणाले, “मी पण अध्यक्षपदाला उभा राहीन. तुझ्याविरुद्ध.”

“राहाच,” ती म्हणाली.

एका शाळेच्या व्यायामशाळेत मतदान झालं. मतपत्रिका कुठल्या लिपीत छापायची, अरबी की रोमन, यावर आठवडाभर भांडण झालं, शेवटी दोन्ही लिपींत छापली. सीरियावाले सगळे नाहीत, पण बरेच आले. निकाल लागला: अध्यक्ष शमाल मास्तर. पेरिखान थोडक्यात पडली.

आमचे पिवळे खुर्च्या सरकवून उठले. कोणी म्हणालं फेरमोजणी करा, कोणी म्हणालं आपला हॉल आपल्याला बरा. पेरिखान दारात जाऊन उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

“हरल्यावर उठून जायचं होतं तर मतं कशाला मागितली? तिकडे ज्याच्यासाठी माणसं मरतायत, ते हेच आहे. बसा खाली.”

काही जण तिला वळसा घालून गेलेच, त्यात तिचा सख्खा दीरही होता. बाकीचे बसले. मग ती मास्तरांसमोर गेली आणि म्हणाली, काम सांगा. मास्तरांनी तिला नवरोजचं काम सोपवलं.

त्या वसंतात शेकोटी एकच पेटली. झेंड्यांवरून कुरकुर झाली, दोन तरुण हातघाईवर आले, आणि दीर आलाच नाही. मास्तरांशी तिचं आजही बैठकीत जुंपतं. ती पैशांचा हिशेब सगळ्यांपुढे मांडायला लावते, ते चिडतात आणि मांडतात. यंदा पुन्हा निवडणूक आहे. पेरिखाननं अर्ज भरलाय, आणि मत मागायला सगळ्यात आधी गेली ती दिराकडे. त्यानं दार उघडलं नाही. रविवारी ती परत जाणार आहे.