आमच्या बोटीचा कॉक्स

आमच्या कॉक्सने मनावर घेतलं असतं तर बदलापूरची उल्हास नदी त्याने उलटी कर्जतकडे वाहायला लावली असती, आणि तीसुद्धा नुसतं ओरडून. उंची जेमतेम पाच फूट, वजन सत्तेचाळीस किलो, आणि त्यातले निदान वीस किलो गळ्यात असावेत. घाटावरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही शिकलो त्याच्या पाठीमागून नदी वाहायची, आणि नदीवर आमचा बोट क्लब होता. चार वल्ह्यांच्या बोटीत चौघं वल्हवणारे जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात. म्हणजे आम्ही चौघं तीन वर्षं पाठीनेच पुढे गेलो. पाचवा गडी मागच्या टोकाला आमच्याकडे तोंड करून बसतो, सुकाणूच्या दोऱ्या हातात धरतो आणि ओरडतो. तो कॉक्स. पुढचं पाणी काय ते त्यालाच दिसतं. कॉलेज सुटलं, आम्ही नोकऱ्यांना लागलो, बोट कुठल्या तरी शेडमध्ये कुजली; पण आमच्याकडे तोंड करून ओरडायचं हा माणूस काही थांबला नाही.

पुढे त्याला अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात नोकरी लागली, मला शेजारच्या कारखान्यात, आणि दोघांनीही बदलापूरला शिरगावात घरं घेतली. त्यामुळे त्याचं ओरडणं इतरांना वर्षातून एकदा ऐकू यायचं, मला रोज. माणसांना नावं असतात हे तो कॉलेजातच विसरला होता. बोटीत ज्याची जी जागा ती त्याची जन्मभराची ओळख. सगळ्यात पुढच्या टोकाला बसायचा तो 'बो'; मी पुढून दुसरा बसायचो, म्हणून माझ्या कारखान्यात माझ्या साहेबांसमोर त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "हा आमचा दोन नंबरवाला! तीन वर्षं याचं दोन नंबरचं काम मी जवळून पाहिलंय!" त्यानंतर दोन महिने साहेब माझ्या प्रत्येक कागदावर दोनदा नजर फिरवून मग सही करत.

बोट थांबवायची असली की कॉक्स "इझी ऑल!" असं ओरडतो, ते ऐकलं की सगळ्यांनी वल्ही उचलून धरायची. हा हुकूम त्याने संसारातही चालवला. माझ्या लग्नात मंगलाष्टकांचं सहावं कडवं संपत आलं तरी माझ्या मामांचा हात अक्षतांच्या ताटातच होता. ते याच्या लक्षात आलं, आणि भटजींचा "सावधान" पुरता व्हायच्या आत मांडवाच्या मागच्या टोकाकडून "इझी ऑल!" अशी आरोळी आली. भटजी थांबले. सनईवाला थांबला. आतल्या खोलीत पानं मांडणारा आचारीसुद्धा थांबला. मामांनी मुठीत अक्षता घेतल्यावर कॉक्सने शांतपणे "चला, पुढे घ्या" म्हटलं आणि माझं लग्न लागलं. बारवी धरणाच्या रस्त्यावर एस.टी. बंद पडली तेव्हा याने सगळ्या उतारूंना दोन रांगांत लावून, "एक... आणि दोन... पाठ सरळ, काकू!" करत ती चढावरून ढकलवत नेली. स्वतः मात्र हात लावला नाही. कंडक्टरने विचारलं तर म्हणाला, "मी लावला तर बघणार कोण?"

वजनावर त्याचा फार जीव. कॉक्स हलका असावा लागतो, म्हणून चाळिशी उलटली तरी हा सत्तेचाळीसवर ठाम. वहिनी पुरणपोळी वाढायला आल्या की ताटावर आडवा हात धरायचा. "नको. बोट बसेल."

"अहो, कुठली बोट?" वहिनी विचारायच्या. "पंधरा वर्षं मी या घरात आहे. इथे बादली आहे, पिंप आहे. बोट मी पाहिलेली नाही."

पण त्याचं खरं कर्तृत्व म्हणजे 'वल्हं'. वर्षातून चारदा निघणारं आमच्या बोट क्लबच्या माजी विद्यार्थ्यांचं हे वार्तापत्र त्याने एकट्याने चालवलं. स्टेन्सिल स्वतःच्या हाताने कोरायचा, उल्हासनगरला सायक्लोस्टाईल करून आणायचा, आणि घड्या घालायला वहिनींना आणि मला बसवायचा. बातम्या मिळवायला सगळ्यांना जोडकार्डं पाठवायची आणि त्यात सतरा प्रश्न. उत्तर आलं नाही तर हा माणसाच्या घरी जाऊन उभा राहायचा, म्हणून उत्तरं यायचीच. त्यामुळे 'वल्हं'मध्ये जे छापून यायचं ते घरच्यांनासुद्धा ठाऊक नसायचं. 'आपले बो यांचे मुतखड्याचे ऑपरेशन यशस्वी झाले. खडा नऊ मिलिमीटर. हा आपल्या क्लबचा उच्चांक आहे.' किंवा 'नंबर तीन यांस कन्यारत्न. वजन साडेसहा पौंड, आवाज उत्तम. भावी कॉक्स म्हणून नोंद घेतली आहे.' एकाच्या बढतीची बातमी तर कारखान्याने हुकूम काढायच्या आधी 'वल्हं'त आली, आणि त्यापायी ती बढती सहा महिने लांबली.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी बदलापूरच्या नदीकाठी मेळावा भरायचा. कल्याण, ठाणे, पुणे असे कुठून कुठून तीस-चाळीस जण यायचे, पोहे खायचे, आणि मग कॉक्स दगडावर उभा राहून आमच्या शेवटच्या शर्यतीची हकीकत सांगायचा. ती शर्यत आम्ही जिंकत असताना हरलो होतो. तीन बोटींच्या लांबीइतके पुढे होतो आणि शेवटच्या टप्प्यात बोट सरळ डाव्या काठाच्या पाणकणसांत जाऊन घुसली. का घुसली हे आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता, आमची पाठ होती. कारणं कॉक्स पुरवायचा, आणि ती दरवर्षी बदलायची. एका वर्षी वारा होता. एका वर्षी जलपर्णी होती. एका वर्षी पाण्यात म्हैस होती, आणि पुढच्या वर्षी त्या म्हशीला रेडकू झालं. फक्त शेवटचं वाक्य कधी बदललं नाही: "आणि त्यातच आपल्या स्ट्रोकचा दम सुटला!"

स्ट्रोक म्हणजे वल्हवणाऱ्यांतला कॉक्सच्या अगदी समोर बसणारा. त्याच्या लयीवर बाकीचे वल्हवतात. आमचा स्ट्रोक उल्हासनगरचा सिंधी, सहा फुटी, आणि कॉलेजात कॉक्सचा खोलीमित्र. त्याच्या वडिलांचं कॅम्प नंबर तीनला फर्निचरचं दुकान होतं, ते आता तो बघायचा. बदलापूरपासून तासाभराच्या आतला माणूस, पण मेळाव्याला एकदाही आला नाही. जोडकार्डाच्या सतरा प्रश्नांना त्याचं एकच उत्तर यायचं: 'ठीक.' कॉक्स ते वाचायचा, घडी करायचा आणि म्हणायचा, "हरल्याची लाज वाटते बिचाऱ्याला." मीही मान हलवायचो. इतकी वर्षं ऐकून माझाही स्ट्रोकच्या दमावरचा विश्वास उडाला होता.

नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात कॉक्सचे वडील गेले. मूळचे खरवईचे, अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवलेले, कमी बोलणारे. पोराचं भारी कौतुक, पण ते त्यांनी तोंडाने कधी दाखवलं नाही. चौदावा झाला, आणि त्याच्या दुसऱ्याच रविवारी सकाळी कॉक्स माझ्या दारात उभा. हातात 'वल्हं'चा ताजा अंक. आणि, मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आवाज अगदी बारीक.

"वाच. पान दोन."

चौकटीत छापलं होतं: 'चूकदुरुस्ती. शेवटच्या शर्यतीत स्ट्रोकचा दम सुटला नव्हता. वारा नव्हता. जलपर्णी नव्हती. म्हैस नव्हती. त्या दिवशी माझे वडील प्रथमच शर्यत पाहण्यास आले होते व डाव्या काठावर उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, आरं, समदी पोरं मरतान, नि तू काय सायबासारखा नुसता बसलास? त्यांस उत्तर देण्यासाठी मी वळलो. माझ्याबरोबर दोरी वळली व दोरीबरोबर बोट.'

मला आधी हसू आलं. ते मी गिळलं, कारण समोरच्या माणसाचे डोळे भरले होते.

"बाबा असेपर्यंत कसं लिहिणार?" तो म्हणाला. "त्यांच्यामुळे हरलो हे त्यांना कळलं असतं. आणि स्ट्रोकला सगळं ठाऊक होतं रे. तुम्हा तिघांना काठावरच्या गलक्यात ऐकू गेलं नसेल, पण तो माझ्या समोरच बसायचा. माझं तोंड फक्त त्यालाच दिसत होतं. त्याने एवढ्या वर्षांत एक शब्द काढला नाही, आणि मी दरवर्षी दगडावर चढून..."

मी स्कूटर काढली.

कॅम्प तीनच्या दुकानात स्ट्रोक एका गिऱ्हाइकाला सोफा दाखवत होता. केस पांढरे झाले होते, खांदे तेच. आम्हाला बघून तो हसला नाही की रागावला नाही. "बसा" म्हणून दोन खुर्च्या पुढे केल्या. त्यांना अजून प्लॅस्टिकचं वेष्टण होतं. त्यावर बसताच कॉक्सखाली मोठा चरचराट झाला. मग कॉक्सने अंक पुढे केला. स्ट्रोकने चष्मा लावला, सावकाश वाचलं, आणि विचारलं, "किती छापलेस?"

"एकशेबारा."

"वाटलेस?"

"पहिला तुला."

"मग बाकीचे वाटू नकोस." स्ट्रोकने चष्मा काढला. "अरे येड्या, काकांचं नाव कशाला टाकलंस? ते सांगायचं असतं तर मी तेव्हाच नसतं सांगितलं? मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी नाही. म्हातारा माणूस रजा टाकून, पोराची शर्यत बघायला इतक्या लांब आला होता. त्याला कसं सांगायचं, काका, तुम्ही बोट घालवली?"

"मग माझ्यावर राग...?"

"तो होता ना! भरपूर होता. हारलो त्याचा नाही. एकदा बोललास, समजलं. पण दर साल? म्हैस पण आली, तिचं रेडकू पण आलं, आणि शेवटी दम माझाच सुटला?"

यावर सोफा बघणारं गिऱ्हाईक हसलं. मग मी हसलो. मग स्ट्रोक. आणि शेवटी कॉक्स, रडत रडत, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या दुकानातले लोक काय झालं म्हणून बघायला आले.

त्या रात्रीच्या जेवणाआधीच वहिनी, मी आणि कॉक्स कात्र्या घेऊन बसलो आणि एकशेअकरा अंकांमधून ती चौकट कापून काढली. त्या अंकाला मधोमध खिडकी होती. बऱ्याच जणांनी तिच्याविषयी पत्रं पाठवली. एकाला वाटलं, यंदा कागदाची टंचाई असावी.

मेळाव्याला यायला स्ट्रोकने एक अट घातली होती: बोट पाहिजे, नुसते पोहे खायला मी येत नाही. म्हणून जानेवारीत कॉक्सने काठच्या गावातून रेतीवाल्यांची एक होडी मिळवली. आमची कॉलेजची बोट पापडासारखी हलकी होती. ही म्हणजे पाण्यावर ठेवलेलं लाकडाचं गोदाम. बो, मी, नंबर तीन आणि स्ट्रोक, चौघांची मिळून पोटं मोजली तर आठ माणसांची भरतील. आम्ही बसल्यावर होडीने एक दीर्घ श्वास सोडला. कॉक्स मागच्या टोकाला चढला, पण सुरू करायच्या आधी काठावरच्या चाळीस जणांकडे वळून ओरडला, "ऐका! शेवटच्या शर्यतीत चूक माझी होती! बोट मी डावीकडे घेतली! स्ट्रोकचा दम कधीच सुटला नव्हता! कारण कोणी विचारायचं नाही!" एकाने हळूच विचारलं, "म्हणजे म्हैस?" "म्हैस रद्द!" कॉक्स ओरडला.

मग आम्ही वल्हवलं. शंभर हात गेलो असू. बोच्या कमरेत उसण भरली, नंबर तीनचं वल्हं वाहून गेलं, माझ्या शर्टाची तीन बटणं पाण्यात पडली, आणि काठावर चाळीस माणसं पोट धरून बसली होती. स्ट्रोकची लय मात्र तीच, जुनी, घड्याळासारखी. "इझी ऑल!" झालं आणि आम्ही मधोमध तरंगत, धापा टाकत राहिलो.

थोड्या वेळाने कॉक्स म्हणाला, "एक सांगू? मी बोटीत काय करतो ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, पोरगा बसून होता."

"कोण म्हणतो?" स्ट्रोक म्हणाला. "शर्यत झाल्यावर तू तोंड लपवून शेडमध्ये बसला होतास. काका माझ्याजवळ आले. म्हणाले, माजा पोर नक्की काय करतो? मी सांगितलं, काका, आम्ही सगळे उलटे बसतो, आम्हाला काय दिसत नाही, कुठे जायचं ते हाच सांगतो. तर म्हणाले, मंग त्यो खलाशी. क्रेन मी चालवतो, पन माल कुटं ठेवायचा त्यो खालचा खलाशी हात दावतो. त्याच्याबिगर माझी क्रेन आंदली."

कॉक्स दोऱ्या धरल्यासारखे हात करून बसला होता. होडी आपली आपण फिरत फिरत खाली चालली होती आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"असं म्हणाले?"

"असंच."

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू सतरा प्रश्न विचारायचास," स्ट्रोक म्हणाला. "त्यात हा नव्हता."

त्यानंतर कॉक्स दर रविवारी सकाळी कॅम्प तीनला जाऊ लागला. कधी मी बरोबर असायचो. चहा यायचा, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, आणि मग कॉक्स उगाच एखाद्या खुर्चीच्या पायाकडे बघत विचारायचा, "बाबा त्या दिवशी काय म्हणाले होते रे नक्की?" स्ट्रोक सांगायचा. पहिल्याने सांगितलं त्याहून थोडं जास्त. कधी काकांनी खिशातून गुळाचा खडा काढून दिलेला असायचा, कधी ते जाताना मागे वळून बोटीकडे बघत उभे राहिलेले असायचे. एकदा तर त्यांनी स्ट्रोकच्या खांद्यावर हात ठेवून, पोराचा आवाज माझ्यावर गेलाय, असंही म्हटलं. ज्या माणसाला मी वीस वर्षांत मोठ्याने बोलताना कधीच ऐकलं नव्हतं, त्याने.

एका रविवारी कॉक्स स्कूटर काढायला बाहेर गेला तेव्हा मी स्ट्रोकला म्हटलं, "खरं सांग, ते एवढं सगळं बोलले होते?"

स्ट्रोक गादीवरची धूळ झटकत होता. "दोन वाक्यं बोलले होते," तो म्हणाला. "पण तो पुन्हा विचारतो ना रे. मग दोनावर कसं थांबायचं?"