सोमवारी अण्णा वाचणार होते

शनिवारी संध्याकाळी दानेश्वरी चपला पायात तशाच ठेवून माझ्या खोलीत शिरली. सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या गल्लीत असं कुणी करत नाही, आणि तिच्यासारखी नीटनेटकी पोर तर नाहीच. उभं आयुष्य नाटकमंडळ्यांबरोबर गेलं की माणूस समोरच्याच्या तोंडाआधी पावलं बघायला शिकतो. ती पावलं बघूनच मी हातातलं काम खाली ठेवलं.

"अक्का, सोमवारी मामा वाचणार," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

मामा म्हणजे तिचे सासरे, रेवणप्पा. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. दानेश्वरीचा नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हा मुलगी ऋतुजा अजून अंगणवाडीतही जात नव्हती. अण्णांना एकच मुलगा. त्यांनी त्याचं दुःख बाजूला ठेवलं आणि पंधरवड्यात सुनेला घेऊन अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात गेले. तिथे त्यांनी थोरल्या मालकांकडे मुनीमकी केली होती. धाकटे मालक शिवानंद त्यांच्या मांडीवर खेळलेले. त्यांनी दानेश्वरीला डिझाईन खात्यात बसवलं. कुठलं डिझाईन कुठल्या मागावर चढणार, त्याची फाईल कॉम्प्युटरवरून तिकडे पाठवायची, हे तिचं काम.

तिला घरात जाच नव्हता, हे मुद्दाम सांगते. सासू सिद्धम्मा, म्हणजे तिची अत्ती, आजही पहाटे उठून तिचा डबा भरते. जाच असता तर दानेश्वरीचं काम सोपं झालं असतं. भांडून निघता येतं. प्रेमाने भरलेला डबा हातात घेऊन कसं निघायचं?

गेले काही महिने ती एका गृहस्थाशी बोलत होती. लग्नाच्या एका कन्नड वेबसाइटवर ओळख झालेली. कर्नाटकात इंडीकडच्या हायस्कुलात मास्तर, बायको गेलेली, मूलबाळ नाही. हे मला ठाऊक होतं, कारण तिला दुसरं कुणी सांगायला नव्हतं. बोलणं सगळं कन्नडमध्ये चाले. त्या मास्तरला मराठी कळतं, पण लिहिता येत नाही.

आणि हे सगळं ती कारखान्यात बसून करत होती.

"घरी का नाही करत गं?" मी एकदा विचारलं होतं.

"घरी फोन माझा कुठे असतो, अक्का? सकाळी मामा त्यावर भजनं लावतात. दुपारी अत्तींना बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं असतं. संध्याकाळी ऋतुजाची कार्टून. कुणी लपून बघत नाही हो, सगळ्यांचाच आहे तो."

म्हणून तिने कारखाना निवडला. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे घेऊन झाडाखाली गेल्या की ही कॉम्प्युटरवर ती वेबसाइट उघडे, चार ओळी लिही, बंद करी. फोनवर काही राहायला नको. बंद केलं की गेलं, असं तिला वाटे. घरात चार माणसं, म्हणून भीती. कारखान्यात समोर कुणी नाही, म्हणून सुरक्षित. मी तिला हसणार नाही. विंगेत अंधार असला की तिथे आपण कुणाला दिसत नाही असं आम्हा नटांनाही वाटायचं, आणि पहिल्या रांगेतल्या कडेच्या प्रेक्षकाला सगळं दिसत असायचं.

कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो तो माउली, करमाळ्याकडच्या जेऊरचा तरुण. त्याने प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम घातलेला आहे. तो थोड्याथोड्या वेळाने पडद्याचा फोटो काढून ठेवतो. कामाला लागताना सगळ्यांना तसं सांगितलं होतं, सह्यासुद्धा घेतल्या होत्या. ते क्रिकेट बघणाऱ्या पोरांसाठी आहे, असं सगळ्यांनी धरलं आणि विसरून गेले. माउलीही ते फोटो कधी बघत नसे. बघायची वेळच आली नव्हती.

ती आता आली. कारखान्याचं एक नवं डिझाईन, अजून बाजारात न आलेलं, परराज्यातल्या एका दुकानात दुसऱ्याच्या लेबलखाली दिसलं. मालक पेटले. माउलीला म्हणाले, डिझाईन खात्यातलं सगळं तपास. आणि माउलीला सापडलं काय, तर दानेश्वरीच्या पडद्यावर दुपारच्या वेळी बाहेर कुणालातरी पाठवलेला कन्नड मजकूर, पुन्हा पुन्हा.

शनिवारी काम सुटताना त्याने तिला जिन्याखाली गाठलं.

"ताई, तुमी दुपारच्याला कानडीत काय लिवता?"

तिने डब्याची पिशवी छातीशी धरली.

"मला सांगू नका. मला त्यातलं एक अक्षर कळंना. मालकास्नी दावलं, तर त्यास्नीबी वाचता येईना."

हे खरं होतं. शिवानंदमालकांच्या घरात कन्नडच बोलतात. आई त्यांना कन्नडमध्ये शिव्या देते आणि कन्नडमध्येच जेवू घालते. पण शाळा मराठी. सोलापुरात अशी घरं हवी तेवढी आहेत, भाषा जिभेवर आणि लिपी परकी. म्हणून कर्नाटकातल्या व्यापाऱ्यांचे कागद आले की ते ठेवून देतात. रेवणप्पाअण्णा कन्नड शाळेत शिकलेले. दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ते कारखान्यात जातात, मालकांना कागद वाचून दाखवतात, चहा घेतात आणि घरी येतात. मुनीमकी सुटली तरी हा नेम सुटलेला नाही.

"मालक म्हनले," माउली सांगत होता, "भाईर कुणाला दावू नको, पोरीचं नाव खराब हुईल. सोमवारी अण्णा येत्यात की. घरचंच मानूस. त्यांच्याकडनं वाचून घिऊ."

"ते पुसून टाकता येईल का, माउली?"

"पुसलं तर पुसल्याची बी नोंद ऱ्हाती. मग तर चोरच ठरशीला. तुमी चोरी केली न्हाय, येवढं तोंडाकडं बघून कळतंय मला. सोमवारच्या आत काय ते करा."

एवढं सांगून झाल्यावर दानेश्वरीने माझे दोन्ही हात धरले. "अक्का, तुम्हाला कन्नड वाचता येतं. सोमवारी काहीतरी निमित्त काढून या. मामांच्या हातातून कागद घ्या आणि तुम्ही वाचा. जे नाही ते वाचा. मैत्रिणीला लिहिलंय म्हणा, धपाट्यांची कृती म्हणा, काहीही म्हणा."

मोह झाला, नाही कशाला म्हणू! आम्ही हुबळीला, विजापूरला कन्नड नाटकं केली, सोलापुरात येऊन तीच मराठीत केली. समोर कोरा कागद धरून मी राजाचा खलिता वाचला आहे, आणि लोकांनी डोळे पुसले आहेत. धपाट्यांची कृती मला कठीण नव्हती.

"येते," मी म्हटलं. "पण उद्याचा रविवार तुझ्या हातात आहे. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तूच सांग."

"काय सांगू? तुमच्या मुलाच्या जागी..." ती उठली आणि तशाच चपलांनी घरी गेली.

माझ्या खिडकीतून त्यांचा ओटा आणि पुढची खोली सरळ दिसते. रविवारी मी तिथून हलले नाही. सकाळी अण्णा पेपर वाचत बसले होते. दानेश्वरी चहा घेऊन गेली, कप ठेवला, उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि परत फिरली. दुपारी अक्कलकोटचे पाहुणे आले; ते बसलेच. मी त्यांच्यावर चरफडले. बिचाऱ्यांचा काय दोष? पाहुणे गेले, तर अण्णा ऋतुजाला घेऊन बसले. तिची शाळा मराठी आहे, म्हणून रविवारी ते तिला पाटीवर कन्नड अक्षरं गिरवून घेतात. दानेश्वरी दाराच्या चौकटीत येऊन थांबली. मला वाटलं, आता. अण्णांनी मान वर केली. "दानव्वा, पाणी दे की." तिने पाणी दिलं. त्यांनी पिऊन तांब्या परत दिला. तिने गल्लीपलीकडे माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

सोमवारी टॉवेल घ्यायच्या निमित्ताने मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले.  रिक्षात मी तिचे हात माझ्या पदरात धरून बसले.

मालकांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. थोड्या वेळाने अण्णा आले, कपाळाला ताजी विभूती. माउलीने पडद्याचे फोटो कागदावर काढून टेबलावर ठेवले. दानेश्वरीला बोलावलं. ती दाराशी उभी राहिली.

"अण्णा, वाईट वाटून घेऊ नका," मालक म्हणाले. "दानेश्वरीच्या कॉम्प्युटरवरचं आहे. आपल्या डिझाईनचं त्यात काही आहे का, तेवढं बघून सांगा."

"आमच्या दानव्वाच्या?"

"म्हणून तर तुमच्या हातात देतोय."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत चढवला. एवढ्याशा कामाला केवढा वेळ लागला! मी पुढे सरकले. माझं वाक्य तयार होतं.

"बारीक अक्षर आहे अण्णा, द्या इकडं. मी वाचते."

माझी बोटं कागदाला लागली आणि वरून दानेश्वरीचा हात येऊन पडला.

"नको अक्का. मामा, हे माझं आहे. डिझाईनचं नाही. मी वाचते."

माउली उठला. "मी भाईर थांबतो, ताई."

"थांबा. तुम्ही सगळे ऐका. परत कुणी विचारायला नको."

आणि तिने वाचलं. आधी कन्नड ओळ, मग तिचं मराठी. एकही ओळ गाळली नाही. मी मोठमोठ्या नट्यांची भाषणं ऐकली आहेत. त्यांतलं एकही ऐकताना माझी मूठ अशी वळली नव्हती.

"माझी मुलगी माझ्याबरोबर येईल. तुम्ही तिला आपली म्हणाल का, ते आधी सांगा. सासू-सासऱ्यांना मी अजून काही बोलले नाही. त्यांना दुसरं कुणी नाही. त्यांच्या समोर गेले की माझी जीभ उचलत नाही. लग्न झालं तरी दर अमावास्येला मी सोलापूरला येणार, राहणार, त्यांची औषधं बघणार. हे चालणार असेल तरच उत्तर द्या. नाहीतर राहू द्या, माझा राग नाही." ती थांबली. "इथं संपतं."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. मालक काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. अण्णांनी तिच्या हातातले कागद घेतले, सारखे केले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

"मालक, डिझाईन न्हाय. आमच्या घरचं हाय."

"अण्णा, मला काय कल्पना..."

"तुमी बरोबर केलं. कारखान्यात कारखान्याचं काम करायचं. दानव्वा, मालकांची माफी माग."

तिने मागितली. मालकांनी नोकरी ठेवली, पण लेखी ताकीद दिली आणि तिच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट त्याच दिवशी तोडायला सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचं डिझाईन खरंच गेलं होतं, आणि कुणी नेलं ते आजही कळलेलं नाही.

अण्णा फाटकाकडे निघाले. ती मागे, तिच्या मागे मी. ते वळले नाहीत.

"जेऊरच्या पोराला आधी सुगावा लागला. मला न्हाय."

"मामा, घरात फोन सगळ्यांच्या हातात असतो..."

"व्हय. माज्याच हातात असतो सकाळचा." ते चार पावलं चालले आणि थांबले. "त्या मास्तरनं काय उत्तर दिलं?"

"माहीत नाही. शुक्रवारपासून उघडलंच नाही."

"इथं उघडू नको. घरी बघ. तुज्या फोनला आता कुणी हात लावणार न्हाय. सिद्धम्माला मी सांगतो." त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. "कसं सांगायचं ते मला जरा बघू दे."

ते रिक्षात बसून गेले. दानेश्वरी कामावर परत गेली, सुटायला अजून वेळ होता.

संध्याकाळी त्यांच्या घरातून भांड्यांचाही आवाज येत नव्हता. सिद्धम्मा आत होती, अण्णा ऋतुजाला घेऊन कुठेतरी गेले होते. ओट्यावर दानेश्वरी एकटी बसली होती, फोन मांडीवर पालथा. खूप वेळ तिने तो उचलला नाही. मग उचलला, सुलटा केला, आणि पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

तिथून पुढचं मी बघितलं नाही. मी खिडकी लावून घेतली.