धुक्यातली चाळीस मिनिटं

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात आमच्याशी त्या तशाच बोलायच्या. थोडक्यात, स्पष्ट, आणि काम झालं की लाइन बंद. माझा नवरा जहाजावर, इंजिनखोलीत. वर्षातले आठ महिने तो समुद्रात, म्हणजे घरात आम्ही दोघीच. मी चष्म्याच्या काचा घासायचं काम करते. संध्याकाळी घरी आले की "दूध आणलंस?" "आणलं, आई." एवढ्यावर आमचं बोलणं आटपायचं. अकरा वर्षं असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर दोघींचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खांबाला बोट आत जाईल एवढी भेग पडली. इंजिनियरने टॉर्च मारून पाहिलं आणि सगळ्यांना दोन दिवसांत बाहेर पडायला सांगितलं. दुरुस्तीला दोन महिने लागणार होते. सुट्ट्यांचा हंगाम, गावात एक खोली रिकामी नाही. नणंदेने बोलावलं, पण सासूबाई म्हणाल्या, "जावयाच्या घरी दोन महिने पडून राहायला मी काय पार्सल आहे?" शेवटी माळ्यावरून नवऱ्याचा जुना तंबू काढला. गावाबाहेर, समुद्राला लागून नगरपालिकेचं मैदान आहे. तिथे कुणीही तंबू ठोकून राहावं. नळ आहे, न्हाणीघरं आहेत, स्वयंपाकाला सिमेंटचे ओटे आहेत.

मैदानाच्या राखणदाराशी पहिल्याच दिवशी वाजलं.

"आजी, एका जागेवर चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही," तो वही उघडून म्हणाला.

"पहिली गोष्ट, मी तुमची आजी नाही. दुसरी गोष्ट, शेजारची जागा ही दुसरी जागा आहे ना?"

त्याने वहीत पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला.

त्यामुळे दर चौदा दिवसांनी आम्ही तंबू उपटायचो आणि दहा पावलांवर पुन्हा ठोकायचो. तिसऱ्या वेळी राखणदार आपणहून हातोडी घेऊन आला.

पहिले आठ दिवस हाल झाले. वाळू भातात, वाळू अंथरुणात. माझ्या कामात वाळूचा एक कणही चालत नाही, म्हणून मी रोज कारखान्याच्या दारात उभी राहून केस झटकायचे. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, तंबूत रांगत शिरायला लागलं की चेहरा असा व्हायचा की विचारायची सोय नाही. पण पंधरवड्यात त्या रुळल्या. नळावरच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर त्यांच्या एका वाक्यात मागे जायचं. मैदानात त्यांना सगळे एक्स्चेंजबाई म्हणायला लागले.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. रविवार होता, म्हणून मी होते. सकाळी ओहोटीचं पाणी ओसरलं तशी शेजारच्या तंबूतला एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर शिंपले वेचायला गेला. पट्टा आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट चर आहे. ओहोटीत त्यात घोट्याएवढं पाणी असतं, भरतीला माणूस बुडेल एवढं. दहाच्या सुमारास समुद्रावरून धुकं आलं. बघता बघता ओट्यावरचं पातेलं दिसेना. तेवढ्यात भरतीही लागली.

मुलीची आई चरापर्यंत धावत गेली. तिला आम्ही दोघींनी धरून ठेवलं. राखणदाराने बचावाच्या बोटीला फोन लावला. धुक्यात बोट सावकाशच येणार, निदान तासभर लागेल, असं उत्तर आलं. मग तो शिट्टी फुंकत सुटला. धुक्यात शिट्टी चहूकडून आल्यासारखी वाटत होती. पलीकडून बापाची हाक यायची, कधी जवळून, कधी लांबून.

सासूबाई म्हणाल्या, "शिट्टी बंद करा. चर ओलांडायची सगळ्यात उथळ जागा कुठे?"

"मैदानातून खाली उतरतात त्या पायऱ्यांच्या बरोब्बर समोर," राखणदार म्हणाला.

मुलीच्या आईला शेजारणींच्या हवाली करून त्या तिथे जाऊन पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. हेडफोनने त्यांचा उजवा कान कधीच गेला होता. डावा कान समुद्राकडे करून त्या बोलू लागल्या. ओरडल्या नाहीत. एक्स्चेंजमधला तो सपाट, लांब जाणारा आवाज.

"मी किनाऱ्यावरून बोलतेय. ऐकू येतंय?"

"येतंय, येतंय, पण काही दिसत नाही, आम्ही..." बाप घाबरून भरभर बोलत होता. पुढचा एक शब्द कळेना.

"तुम्ही मुलीचा हात घट्ट धरा आणि तिला बोलू द्या. बाळ, तुला आकडे येतात?"

"शंभरपर्यंत येतात," बारीक आवाज आला.

"मग मोठ्याने म्हण. घाई नाही."

मुलगी आकडे म्हणायला लागली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "आवाज लहान झाला. थांबा. आता उलटे वळा, दहा पावलं. हां, मोठा झाला. तसेच या." शंभर संपले, त्यांनी पुन्हा एकपासून सुरू करायला सांगितलं. मध्येच मुलगी रडायला लागली. "रडून झालं की सांग, मी इथेच आहे," त्या म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या. पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. मी त्यांना मागून धरलं होतं. त्यांचा आवाज तसाच सपाट होता.

तिसऱ्यांदा मुलगी बावन्नवर पोचली तेव्हा धुक्यात सावली दिसली. कमरेला दोर बांधून राखणदार पाण्यात उतरला आणि दोघांना घेऊन आला. बाप छातीपर्यंत भिजला होता, मुलगी त्याच्या खांद्यावर. आईने मुलीला घेतलं आणि तिथेच वाळूत बसली. राखणदाराने घड्याळ पाहिलं. बोटीला फोन लावून चाळीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी मी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. त्या आपणहून बोलू लागल्या.

"आमच्याकडे परगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. एकदा एक बाई दवाखान्यातून तिच्या भावाशी बोलत होती. नुसती रडत होती, सांगायचं ते राहूनच गेलं. तीन मिनिटं झाली, मागे रांग होती, मी लाइन काढली."

"नियमच होता ना, आई."

"होता. मी तेव्हाही हेच म्हटलं." मग गुडघा पुढे करत म्हणाल्या, "जरा डावीकडे चोळ."

त्या दिवसापासून त्या बोलायला लागल्या. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींबद्दल, सासऱ्यांबद्दल, माझा नवरा लहानपणी तोतरा होता त्याबद्दल, जे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही सांगत गेले. मूल होत नव्हतं तेव्हाच्या दिवसांबद्दल मी माझ्या आईशीही बोलले नव्हते, ते त्यांच्याशी बोलले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

दोन महिन्यांनी घर मिळालं. नव्या गिलाव्याच्या ओलीने आमच्या दोन खोल्यांमधला दरवाजा फुगला होता, लागेना. सुतार रंधा घेऊन आला.

"राहू दे," सासूबाई त्याला म्हणाल्या. "स्वयंपाकघराची खिडकी तेवढी बघून जा, ती करकरते."